यादीच्या तळाशी

डेट्रॉइट, १७ जानेवारी १९५४

प्रिय ओडिल,

अनेक आशीर्वाद. नाताळचं पत्र जाऊन जेमतेम महिना झाला आणि हे दुसरं आलं, म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, डावा कान सोडला तर, आणि तो कुणामुळे गेला ते तुला ठाऊकच आहे.

पेपरात वाचलंच असशील. आमची केल्डन आणि तुमची ब्राइस एक होणार. परवा कंपनीचे दोन साहेब आमच्या युनियनच्या हॉलवर आले होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आम्हाला कॉफी पाजली, वर डोनट खाऊ घातले. तेव्हाच ओळखलं की गरज त्यांची आहे. फळ्यावर आकडे मांडून त्यांनी समजावलं, की या देशात शंभर गाड्या खपतात त्यातल्या नव्वदहून जास्त त्या तीन थोरल्या कंपन्यांच्या. उरलेल्या चारदोन गाड्यांसाठी आपण धाकटे एकमेकांच्या झिंज्या उपटतोय. एक झालो तर पत्रा एकदम स्वस्तात घेता येईल, दाराचा साचा एकच करून दोन्हीकडे वापरता येईल, विक्रीची दुकानं एका छपराखाली येतील. नाही झालो, तर पाच वर्षांत दोघींनाही टाळं.

खरं सांगू? मला त्यातलं अर्धंच पटलं. केल्डन म्हणजे बँकेच्या मॅनेजरची गाडी. जड, रुंद, दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. तुमची ब्राइस म्हणजे शाळेतल्या बाईंची गाडी. या दोघींना एकच दार कसं बसवणार, देव जाणे. तरी मी उभा राहिलो आणि सभेला सांगितलं की युनियननं या लग्नाला होकार द्यावा. सगळ्यांनी हात वर केले. माझं ऐकतात ती माणसं.

कारण साहेब बोलत होता तेव्हा मला फळा दिसतच नव्हता, नोकरीच्या तारखांची यादी दिसत होती. दोन कारखाने एक झाले की त्यातला एक बंद होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बंद होणार तो तुमचा. मग पोर्ट हॅलमचे लोक बोचकी बांधून कामासाठी इकडे येणार, आणि त्यांची नावं आमच्या यादीत कुठे घालायची हे ठरवणाऱ्या समितीचा प्रमुख कोण, तर मी. काम कमी पडलं की यादीच्या तळापासून माणसं घरी पाठवतात, ते तुला सांगायला नको. तुझ्या नवऱ्याला मी तळाशी घालणार आहे, ओडिल. इथे ज्या दिवशी पाय ठेवील तीच त्याची पहिली तारीख. मागची सगळी वर्षं पुसून टाकायची. सतरा वर्षं मी याची वाट पाहतोय. हे पत्र त्याला वाचून दाखव.

इथे गुडघाभर बर्फ आहे. कबुतरं मजेत आहेत, त्यातली निळी मादी या उन्हाळ्यात शर्यत मारणार असं दिसतंय. लोभ आहेच, तो तुझ्यापुरता वाढावा.

तुझा भाऊ,
रेमी


पोर्ट हॅलम, २९ जानेवारी १९५४

प्रिय रेमी,

सा. न. वि. वि. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, पण मजकूर लख्ख कळला. कामिलला वाचून दाखव म्हणालास, त्याची वेळच आली नाही. कागद मी टेबलावर उघडा ठेवला होता. तो कामावरून आला, हात धुतले, उभ्याउभ्या वाचलं, घडी होती तशी घातली आणि सशाचा रस्सा वाढ म्हणाला. जेवताना एवढंच बोलला, की रेमीनं सभेला खरं कारण सांगायला हवं होतं. मला त्याचा राग आला. तुझाही आला. तुम्हा दोघांच्या मध्ये मी सतरा वर्षं भरडली जाते आहे आणि तुम्हाला त्याचं काही म्हणजे काही नाही.

या लग्नाबद्दलचं त्याचं मत तुला आवडायचं नाही. तो म्हणतो, तुमच्या मैदानात न विकलेल्या केल्डन उभ्या आहेत, आमच्या मैदानात न विकलेल्या ब्राइस. एक झालं की मैदान मोठं होईल. गिऱ्हाईक कुठून आणणार हे साहेबांनी फळ्यावर लिहिलं होतं का, असं विचारतो. ते तिघं थोरले दरवर्षी गाडीचा चेहरा बदलतात. आपण दोघं मिळून तीन वर्षांनी एकदा बदलू, तोवर गिऱ्हाईक थांबणार आहे का? मला यातलं फार कळत नाही. मला एवढंच कळतं की बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे जावं तिथे आपला कारखाना जाणार हे एकच बोलणं आहे. मागच्या आठवड्यात शिकागोहून चार माणसं टेप घेऊन आली आणि तीन दिवस आमच्या कारखान्याची लांबी-रुंदी मोजत होती. एकमजली असल्यामुळे लांबच लांब आहे बिचारा. लोक म्हणतात, विकायला काढायचा म्हणून मोजतायत.

म्हणून हात जोडून सांगते. इथल्या समितीचं म्हणणं असं आहे की दोन्ही याद्या एकत्र करा आणि जो ज्या तारखेला कामाला लागला ती तारीख धरा, मग कारखाना कुठलाही असो. तसं केलं तरी तुझी नोकरी सव्वीस वर्षांची, त्याची सतरा वर्षांची, तू त्याच्या वरच. तुला आणखी काय हवंय? तो एक्कावन्न वर्षांचा आहे, रेमी. तळाशी गेला तर पहिल्याच मंदीत घरी बसेल, आणि एक्कावन्न वर्षांच्या माणसाला कोण घेतं? इव्हेट अजून शाळेत आहे.

निळ्या मादीला माझा दाणा टाक. राग पुरे झाला आता, माया तेवढी राहू दे.

तुझी,
ओडिल


डेट्रॉइट, १४ फेब्रुवारी १९५४

प्रिय ओडिल,

अनेक आशीर्वाद. आणखी काय हवंय असं विचारलंस, म्हणून आजची तारीख बघ. सतरा वर्षांपूर्वी याच आठवड्यात आम्ही केल्डनच्या कारखान्यात ठिय्या मारून बसलो होतो. मशिनांच्या मध्ये गाड्यांच्या गाद्या टाकून झोपायचो. तुम्ही बायका टोपल्या आणायच्या आणि आम्ही दोरानं वर ओढून घ्यायचो. चारशे माणसं. जोवर सगळे आत तोवर कंपनीचा बापही हात लावू शकत नव्हता.

नवव्या दिवशी तुझा नवरा न्हाणीघराच्या खिडकीतून उडी मारून पळाला. कडी आतून असते. त्याच्यामागे ती लावायला कुणी नव्हतं, कारण तो कुणाला सांगून गेला नव्हता. पहाटे कंपनीचे पहारेकरी त्याच खिडकीतून आत आले, हातात सोटे घेऊन. चौदा माणसं फोडून काढली त्यांनी. माझा कान तिथे गेला. आखिलचा कोपर मोडला तो आजतागायत सरळ होत नाही. क्लबात आम्ही आपला जुना खेळ खेळतो, मातीत पीस रोवून त्याच्या जवळात जवळ लाकडी चक्रं घरंगळवायची, तेव्हा तो बाकावर बसून गुण लिहितो. आणि कामिल? महिन्याभरात विस्कॉन्सिनमध्ये, तुमच्या ब्राइसकडे कामाला, पगार चालू, बायको बरोबर.

एर्मिन गेली तेव्हा त्याला फ्युनरलला येऊ नको म्हणून मीच कळवलं होतं. माझ्या बायकोच्या पेटीला त्याचा हात लागलेला मला नको होता. आता तो तारखेची भाषा करतो. चारशे माणसांना आत सोडून पळाला त्याची तारीख कसली? मला विचारशील तर त्याची तारीख ती खिडकी.

आणि तुमचा कारखाना मोजतायत म्हणून रडू नकोस. मोडीत काढायचा माल आधी मोजावाच लागतो. मोटार डेट्रॉइटमध्ये होते, बाकीच्या गावांत नुसती जुळवतात. आमच्या सहा मजल्यांवर सहाव्यावर बॉडी चढते आणि लिफ्टनं एकेक मजला उतरत खाली पूर्ण गाडी होऊन येते. वरच्या खिडकीतून नदी दिसते, पलीकडे कॅनडा दिसतो. हे सोडून कुणी तुमच्या त्या गोठ्यात गाड्या करील का?

थंडीत छाती सांभाळ. इव्हेटला पापा. तुझी माया असू दे, त्याची मला गरज नाही.

रेमी


पोर्ट हॅलम, ३ मार्च १९५४

प्रिय रेमी,

सा. न. वि. वि. हे पत्र मी कामिलच्या नकळत लिहिते आहे. मी हे सांगू नये असं त्यानं मला बजावलं होतं, भावाबहिणीचं तुटेल म्हणून. आज मी ते मोडते आहे.

आठव्या दिवशी मी टोपलीतून जो पाव पाठवला, त्याच्या पोटात चिठ्ठी होती. मी पंचवीस वर्षांची होते, पाचवा महिना होता, घरात कोळसा संपला होता आणि तुमच्यातला एकही माणूस घरी कधी येणार हे सांगत नव्हता. मी लिहिलं होतं की मंगळवारपर्यंत आला नाहीस तर मी मावशीकडे निघून जाईन आणि मूल तुला दाखवणार नाही. ते मूल म्हणजे इव्हेट. ती चिठ्ठी वाचून तो बाहेर पडला. मी बोलावलं म्हणून पडला.

खोटं सांगणार नाही, तो घाबरलाही होता. चार दिवस झोपला नव्हता. तुला सांगायचं धैर्य झालं नाही, कारण तू त्याला सोडलं नसतंस. खिडकी बाहेरून लागेना तेव्हा ती मिटून राहावी म्हणून त्यानं तिला एक लाकूड टेकवून पाहिलं. ते पडलं असणार. तुम्हाला मारलं हे आम्हाला दुपारी कळलं आणि तो अंगणात जाऊन ओकला. त्यानंतर डेट्रॉइटला राहणं शक्य नव्हतं, राहिलो असतो तर तूच त्याला मारलं असतंस.

तुला कुणाला तरी तळाशी घालायचंच असेल तर मला घाल. मला शिव्या दे, नाताळची पत्रं बंद कर, आईचं घड्याळ परत माग. पण हा नियम करू नकोस. तू रागीट आहेस, पण आयुष्यात कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं नाहीस. एर्मिन असती तर तिनं हेच सांगितलं असतं.

उत्तराची वाट पाहते. जमलं तर मला माफ कर.

ओडिल


डेट्रॉइट, २५ एप्रिल १९५४

प्रिय ओडिल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसलो आणि उठलो, असं चार वेळा झालं, मग शिकागोला जायचा दिवस आला.

चिठ्ठी तू लिहिलीस. बरं. बायका लिहितातच. माझ्या एर्मिननंही पाठवली होती, कोळसा आमच्याकडेही संपला होता. मी ती खिशात घातली आणि आत बसलो. पाय त्याचे होते, उडी त्याची होती. तुझ्यावर माझा राग नाही, आणि त्याच्यावरचा तसूभरही कमी झालेला नाही. उलट बायकोच्या चिठ्ठीआड सतरा वर्षं गप्प बसला, हे आणखी एक.

शिकागोत समिती बसली. आमचे नऊ, तुमचे पाच. माझ्यासमोर कोण बसलं असेल, सांग. केस पांढरे झालेत त्याचे. मी मसुदा वाचून दाखवला: एका कारखान्याचा माणूस दुसऱ्या कारखान्यात आला, तर तिथे पहिल्या दिवशी तो नवा, यादीच्या तळाशी. सातवं कलम, शब्द न् शब्द माझा. तुमच्यातला एक तरुण फार तडतडला, सतरा सतरा वर्षं नोकरी झालेली माणसं तुम्ही रस्त्यावर टाकताय म्हणाला. मी म्हणालो, रस्ता रुंद आहे. आमची माणसं हसली.

तुझा नवरा माझे शब्द कागदावर उतरवून घेत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, की हे कलम दोन्ही बाजूंनी सारखं लागू राहील ना, तसं लिहून घ्या. मी म्हणालो, हौसेनं लिहा, न्याय म्हणजे न्याय. लिहिलं. नऊ विरुद्ध पाच. सही करताना मी त्याच्याकडे बघत होतो. इतकं बरं मला एर्मिन गेल्यापासून वाटलं नव्हतं.

१ मेपासून नवं नाव, केल्डन-ब्राइस. फाटकावर रंगारी चढलाय. आता तुमच्या गावाच्या नोटिशीची वाट बघायची. त्याला म्हणावं, डेट्रॉइटमध्ये खोल्या महाग आहेत, आत्तापासून शोधायला लाग.

तुझा,
रेमी


डेट्रॉइट, ३० जून १९५४

प्रिय ओडिल,

आशीर्वाद. तुम्हाला कळलंच असेल.

काल दुपारी साडेतीनला, पाळी सुटताना, फाटकावर कागद लावला. डेट्रॉइटचा कारखाना ३० सप्टेंबरला बंद. सगळं काम पोर्ट हॅलमला. सहा मजली इमारतीत गाडी लिफ्टनं वरखाली करण्यात वेळ जातो म्हणे, एकमजली ठिकाणी ती सरळ रेषेत पुढे जाते. तीन वर्षांपूर्वी हेच साहेब पाहुण्यांना ती लिफ्ट दाखवत होते. आम्ही अठराशे माणसं कागदासमोर उभे होतो. पुढच्यांनी मागच्यांना वाचून दाखवला. जरा वेळानं लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.

आखिल बोलला ते लिहितो. तो म्हणाला, रेमी, जानेवारीत हात वर करा म्हणून तूच सांगितलंस, आणि सातवं कलमही तुझंच. मग काठी उचलून घरी गेला. क्लबात मी जाणं बंद केलंय.

तिकडे नव्या लाइनसाठी माणसं लागणार आहेत. इथले चाळीसेक जण यायला तयार आहेत. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली माणसं आहेत, दुसरं काही येत नाही त्यांना. समितीनं पुन्हा एकदा बसून तारखांचा विचार करावा, असं लोकांचं म्हणणं आहे. माझं नाही, लोकांचं. कामिल तिथल्या युनियनचा अध्यक्ष झाल्याचं ऐकलं. तू सहज विषय काढून बघ.

कबुतरं विकली. निळी मादीसुद्धा.

रेमी


पोर्ट हॅलम, १२ जुलै १९५४

प्रिय रेमी,

सा. न. वि. वि. लोकांचं म्हणणं आहे, होय? आणि मी सहज विषय काढू? मार्चमध्ये मी काय लिहिलं होतं ते काढून वाच. मी तेव्हा सहज लिहिलं नव्हतं, रेमी. मी पोटात लपवलेली गोष्ट बाहेर काढून तुझ्यापुढे ठेवली होती, आणि तू लिहिलंस, बायका लिहितातच. हे वाक्य मी अडीच महिने रोज भांडी घासताना म्हणते आहे. सही करताना तुला बरं वाटलं, तेही मला पाठ आहे.

तुला वाटलं असेल की हिचा नवरा वाचला म्हणून ही नाचत असेल. नाचले. ज्या दिवशी पेपरात आलं त्या दिवशी मी मोठा टार्ट केला आणि शेजारणींना वाटला, आणि प्रत्येकीला सांगितलं की माझ्या भावाच्या गावाला टाळं लागलं. मग स्वयंपाकघरात येऊन रडले. दोन्ही खरं आहे.

विषय मी काढणार नाही. मी आता कुणाच्याही मध्ये उभी राहणार नाही, माझे पाय दुखले. इथल्या युनियननं मनात आणलं तर सभेत मतं घेऊन तुमच्या माणसांना जुन्या तारखेनं घेता येतं, एवढं मी विचारून ठेवलंय. ते हवं असेल तर तूच कामिलला लिही. मला नाही, त्याला. नाव घालून, पाकिटावर पत्ता घालून. सतरा वर्षांत तू त्याचं नाव नीट लिहिलेलं नाहीस. आणि लोकांचं म्हणणं म्हणून लिहू नकोस.

राहायचं म्हणशील तर वरची खोली आहे. तू माझा भाऊ आहेस, त्याला माझा इलाज नाही.

ओडिल


डेट्रॉइट, ५ सप्टेंबर १९५४

श्री. कामिल व्हर्हाख यांस,

स. न. वि. वि. मी हे पत्र लिहायला आठ आठवडे घेतले.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. १९२८ साली केल्डनमध्ये लागलो. इथे तिन्ही थोरल्यांच्या फाटकांवर जाऊन आलो. चाळिशीच्या पुढचा माणूस बघितला की ते अर्जच देत नाहीत. तुमच्याकडे तळाशी आलो तर हिवाळ्यात काम कमी झालं की पहिल्या दिवशी घरी जाईन. आखिलही यायचा आहे, त्याचा कोपर तुला ठाऊक आहे. त्याच्यासारखे बेचाळीस आहेत, मी त्रेचाळिसावा.

सातवं कलम मी लिहिलं. ते तुझ्यावर नेम धरून लिहिलं. यात आमच्या माणसांचा काही दोष नाही, त्यांना मी फक्त फायदा सांगितला होता. कंपन्या एक होऊन धंदा सुधारेल की नाही याचा मी विचारच केला नाही. तू केला होतास, ओडिलनं कळवलं होतं.

सभेपुढे आमचा प्रश्न ठेव. सगळ्यांना जुन्या तारखेनं घ्या. माझ्यासह. हे लोकांचं म्हणणं नाही, माझी विनंती आहे.

आपला,
रेमी डेक्लर्क


पोर्ट हॅलम, २८ सप्टेंबर १९५४

रेमी डेक्लर्क यांस,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. घरात ते काम ओडिल करते.

तुझा प्रश्न मी परवा रविवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, सभेपुढे ठेवला. तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. तीन तास वाद झाला. म्हातारे म्हणाले घ्या. तरुण म्हणाले, आम्हाला तळाशी ढकलायला हेच निघाले होते, आता आम्ही का सरकायचं? मग हात मोजले. तीनशे अकरा बाजूनं, तीनशे अकरा विरुद्ध. दोनदा मोजले. मतं सम पडली की अध्यक्षानं हात वर करायचा, अशी आमच्या हॉलची रीत आहे.

मी विरुद्ध केला.

हॉलला मी सांगितलं की आपल्या तरुणांची पोरं लहान आहेत, माझं पहिलं कर्तव्य त्यांच्याकडे. टाळ्या पडल्या. तुला मात्र खरं लिहितो, ते कारण नव्हतं. खिडकीसाठी तू मला चौकात उभं करून मारलं असतंस तर मी हात वर केला नसता. तो मार माझा होता. पण ओडिलनं मार्चमध्ये तुला चिठ्ठीचं सांगितलं, हे मला तिनं जुलैत रडता रडता सांगितलं. म्हणजे एप्रिलमध्ये शिकागोत माझ्यासमोर बसून तू हसत होतास, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तिनं स्वतःला तुझ्या पायाशी घातलं आणि तू तिच्यावरून चालत जाऊन सही केलीस. मी हात त्यासाठी वर केला. आणि घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

तुझ्या बेचाळीस माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आखिलचं तर मीच देणं लागतो. तीही तळाशी गेली, तुझ्या कलमानं आणि माझ्या हातानं. त्यांना तोंड कसं दाखवायचं ते आपण दोघांनी आपापलं बघावं.

११ ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी सहाला दोन नंबरच्या फाटकावर ये. नव्या माणसाला आमच्याकडे रंगखात्यात घालतात, पाणी मारून पॉलिश पेपरनं बॉडी घासायची. जमीन ओली असते, गमबूट आण. तुझा नंबर एक हजार नऊशे सहा. त्याच्याखाली कुणी नाही.

ओडिलनं वरच्या खोलीत पलंग लावला आहे. रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलेल असं वाटत नाही. इव्हेट शाळेसाठी मिलवॉकीला राहते, त्यामुळे रोज संध्याकाळी टेबलाशी आपण तिघंच असू. खाणावळीत जाऊ नकोस, ते मी चालू देणार नाही. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे, ती मी पाळत नाही. तू ये. ताट वाढलेलं असेल, आणि मी रोज तुझ्यासमोर बसणार आहे.

कामिल व्हर्हाख